दोन घरे, एक गाव

सुरतच्या उधना व लिंबायत या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. कापड उद्योगाने त्यांना रोजगार दिला, तर उधना-जळगाव लोहमार्गाने गावाशी असलेले नाते टिकविले. यांपैकी अनेकांचा संसार दोन घरांत विभागलेला आहे : कर्ती माणसे सुरतेस, वृद्ध आईवडील व शेती गावी.

सुरतेच्या मिळकतीतून गावचे घर पक्के होते. परंतु विहिरीस पाणी नसेल, तर त्या पक्क्या घरासही अखेर कुलूप लागते. गाव सावरते ते सामुदायिक श्रमाने. धुळे जिल्ह्यातील बारीपाडा येथील ग्रामस्थांनी श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखले व बंधारे बांधले. परिणामी पाणी वाढले, स्थलांतर घटले. श्री. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आखाजीच्या सुमारास सुरतकर मंडळी गावी येतात. नाल्याबंधाऱ्यांतील गाळ काढण्याचा काळही हाच. १ मे हा महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांचा १९६० पासूनचा स्थापनादिन. त्या दिवशी महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे ग्रामसभा भरते. मतदारयादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येते. सुरतेस नाव असणाऱ्यास ग्रामसभेत मत नाही. यास्तव घरातील गावच्या मतदारांनी, विशेषतः स्त्रियांनी, पाण्याच्या कामाचा ठराव मांडावा व सुरतकरांनी श्रमदानास हातभार लावावा. तरच गावचे घर नांदते राहील.