घटक ३ : स्मृतीतील अक्षर – संगणकाची रचना आणि असेंब्ली भाषेचा परिचय

३.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण स्वनिम आणि लिपिचिन्ह यांचा परस्परसंबंध अभ्यासला. या घटकात त्याच संबंधाकडे एका अनोळखी बाजूने पाहावयाचे आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात संगणकाची अंतर्रचना कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याआधी दोन शब्द शेजारी लिहून पाहा : 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिला समुद्राचा वाचक. दुसरा 'दरी'चे अनेकवचन. पहिल्या शब्दात 'द'वर आघात पडतो, दुसऱ्यात पडत नाही. साम्रदजवळची सांदण दरी पाहून आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने 'अकोले तालुक्यातील दर्या' असा निबंध लिहिला, तर समुद्र सह्याद्रीवर चढला असे म्हणावे लागेल! हा भेद कान ओळखतो, डोळा ओळखतो. ज्याला कान नाही आणि डोळाही नाही, ते यंत्र तो कसा जपते, हे समजून घेणे हे या घटकाचे उद्दिष्ट आहे.

३.२ यंत्राचे अवयव

संगणकाची रचना अभ्यासताना दोन भाग विशेष ध्यानात ठेवावेत : स्मृती आणि प्रक्रियक. कीबोर्ड, पडदा, मुद्रक ही आत-बाहेर नेणारी साधने होत. त्यांचा विचार येथे करावयाचा नाही.

स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या कप्प्यांची लांबच लांब रांग. टपाल कार्यालयात पत्रे वेगळी करण्यासाठी भिंतीलगत खण असतात, त्यांची आठवण ठेवा. प्रत्येक कप्प्यात आठ द्विमान अंक मावतात, म्हणजे आठ ठिकाणी शून्य किंवा एक. या आठांच्या गटास बाइट आणि त्यातील प्रत्येक अंकास बिट म्हणतात. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एक संख्या राहू शकते. त्याहून मोठी संख्या असेल तर शेजारचे दोन कप्पे मिळून ती ठेवली जाते. कप्प्यात काय आहे आणि कप्प्याचा क्रमांक काय आहे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. नवशिक्यांचा पहिला गोंधळ बहुधा येथेच होतो.

प्रक्रियकात स्वतःचे मोजकेच कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. इंटेल कंपनीने १९७८ साली आणलेला ८०८६ हा सोळा बिटांचा प्रक्रियक आपण उदाहरणादाखल घेऊ. तो आज जुना झाला असला, तरी शिकण्यास सोपा आहे. त्यात एएक्स, बीएक्स, सीएक्स, एसआय अशा नावांची रजिस्टरे आहेत आणि प्रत्येकात दोन बाइट मावतात. प्रक्रियकाचे काम एकसुरी असते : स्मृतीतून पुढची आज्ञा आणणे, तिचा अर्थ लावणे, ती पार पाडणे, पुन्हा पुढची आणणे. आज्ञा आणि मजकूर एकाच स्मृतीत, एकाच प्रकारच्या संख्यांच्या रूपात असतात. कोणती संख्या आज्ञा आणि कोणती अक्षर, हे त्या संख्येवर लिहिलेले नसते. ते संदर्भावरून ठरते. अर्थनिश्चितीतील संदर्भाचे स्थान तुम्ही शब्दशक्तींच्या प्रकरणात पाहिलेच आहे.

३.३ अक्षराचा क्रमांक

स्मृतीत केवळ संख्या राहत असतील, तर अक्षराला क्रमांक देणे भाग आहे. भारतीय लिप्यांसाठी हे काम गांभीर्याने सुरू झाले ते कानपूरच्या आयआयटीत 'जिस्ट' या तंत्रज्ञानाच्या रूपाने. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि जिस्टचे पुढील कार्य तेथे झाले. त्या काळी संगणकात एक स्वतंत्र कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटत असे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली. तीत प्रत्येक चिन्हाला एक बाइट होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे.

युनिकोडमध्ये देवनागरीचा विभाग २३०४ पासून सुरू होतो. 'क'चा क्रमांक २३२५, 'र'चा २३५२, 'ळ'चा २३५५. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना मात्र क्रमांक नाहीत. ज्यांना बालपणी ही दोन अक्षरे वर्णमालेच्या शेवटी शिकवली गेली, त्यांना हे खटकेल. व्याकरणदृष्ट्या मात्र हाच निर्णय योग्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती जोडाक्षरे आहेत, आणि यंत्रात ती जोडाक्षरे म्हणूनच राहतात.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. प्रवराकाठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, जो ग्रंथ सिद्ध झाला, त्याचे नाव स्मृतीत असे राहते :

ज २३३२, हलन्तचिन्ह २३८१, ञ २३३४, आकाराची काना २३६६, न २३४४, एकाराची मात्रा २३७५, श २३५८, हलन्तचिन्ह २३८१, व २३५७, र २३५२, दीर्घ वेलांटी २३६८.

वाचकाला 'ज्ञानेश्वरी'त चार अक्षरे दिसतात. यंत्राजवळ अकरा क्रमांक आहेत. प्रत्येकी दोन बाइट धरले तर बावीस कप्पे. ज आणि ञ यांना जोडून 'ज्ञ'ची आकृती काढणे हे स्मृतीचे काम नव्हे, ते फाँटचे काम. स्मृतीत वर्ण, पडद्यावर आकृती : हा भेद पक्का करा, पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

३.४ यंत्रभाषा आणि असेंब्ली भाषा

प्रक्रियकाला समजते ती यंत्रभाषा, तीही संख्याच. ६१, ७७, ९ हे तीन बाइट ८०८६ समोर आज्ञा म्हणून आले, तर त्यांचा अर्थ होतो : 'एएक्समधील संख्या २३८१ शी ताडून पाहा.' ६१ हा 'ताडून पाहा' या क्रियेचा संकेत. ७७ आणि ९ मिळून २३८१ होतात, कारण ९ × २५६ + ७७ = २३८१. लहान भाग आधी आणि मोठा नंतर, ही या प्रक्रियकाची रीत आहे.

अशा संख्यांत लिहिणे माणसाला जिकिरीचे, म्हणून प्रत्येक संकेताला एक छोटे नाव दिले गेले. वरील आज्ञा 'सीएमपी एएक्स, २३८१' अशी लिहितात. या नावांची भाषा ती असेंब्ली भाषा, आणि तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा तो असेंब्लर. येथे सामान्यतः एका वाक्यास एकच यंत्राज्ञा असते. पर्याय, श्लेष, अध्याहार यांना वाव नाही. वाक्यरचना मराठीच्या उलट आहे : क्रियापद आरंभी, मग ठिकाण, शेवटी वस्तू. आपण म्हणू, 'एएक्समध्ये ५ ठेव'. येथे म्हणावयाचे, 'मूव्ह एएक्स, ५'. 'मूव्ह' हे नाव काहीसे फसवे आहे. त्याने मूळ जागेवरील संख्या हलत नाही, तिची केवळ नक्कल होते.

३.५ एक छोटी आज्ञावली

'ज्ञानेश्वरी' या शब्दाचे अकरा क्रमांक १००० या कप्प्यापासून पुढे ठेवले आहेत असे माना. त्यात वर्णांचे जोड किती, हे मोजावयाचे आहे.

मूव्ह एसआय, १०००
मूव्ह सीएक्स, ११
मूव्ह बीएक्स, ०
पुन्हा : मूव्ह एएक्स, [एसआय]
सीएमपी एएक्स, २३८१
जेएनई पुढे
आयएनसी बीएक्स
पुढे : एडीडी एसआय, २
लूप पुन्हा
एचएलटी

एसआयमध्ये कप्प्याचा क्रमांक आहे. त्याभोवतीचा चौकटी कंस 'या क्रमांकाच्या कप्प्यात जे आहे ते' असे सांगतो. जेएनई म्हणजे समान नसल्यास उडी. आयएनसी बीएक्समध्ये एक मिळवते. एडीडीने आपण दोन कप्पे पुढे सरकतो. लूप ही आज्ञा सीएक्समधून एक वजा करते आणि शून्य झाले नसेल तर 'पुन्हा'कडे परतते. कागद घेऊन अकराही फेऱ्या हाताने करा. नुसते वाचून हे अंगवळणी पडत नाही. १००२ आणि १०१४ या कप्प्यांशी पोचल्यावर बीएक्स वाढेल, आणि शेवटी त्यात २ राहतील.

३.६ एका बिटाचे अंतर

आता आरंभीच्या शब्दांकडे येऊ. 'दर्या' : २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६. 'दऱ्या' : २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६. पाचपैकी चार क्रमांक समान. २३५२ चा लहान बाइट ००११००००, २३५३ चा ००११०००१. समुद्र आणि दरी यांच्यामध्ये एवढाच, एका बिटाचा, फरक आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांचेही तसेच. गुरू आणि स्वयंपाकी एका बिटाने वेगळे होतात. मराठीला हवा असलेला हा 'ऱ' स्वतंत्र क्रमांकाने नोंदला गेला, म्हणून हे शक्य झाले. मात्र काही ठिकाणी हीच आकृती २३५२, २३८१ आणि ८२०५ हा अदृश्य जोडक वापरून काढलेली आढळते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण एक शोधले असता यंत्राला दुसरे सापडेलच असे नाही. शब्दसूची करणाऱ्यांनी हे अवश्य तपासावे.

याविषयी स्वतःचा अनुभव सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी नेवासे आणि अकोले परिसरातील बोलींचे शब्द एका जुन्या फाँटमध्ये टंकलिखित करून ठेवले. त्या पद्धतीत वर्णांचे क्रमांक साठवले जात नसत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या तुकड्यांची चित्रे बसवलेली असत. पुढे नव्या संगणकावर ती फाइल उघडली, तेव्हा समोर रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांचा अर्थहीन कचरा आला. संख्या एकही बदललेली नव्हती. तिचा अर्थ सांगणारा फाँट तेवढा नव्हता. कागदावरील प्रत हाताशी होती म्हणून यादी पुन्हा उभी करता आली. ती करण्यात दोन उन्हाळी सुट्ट्या गेल्या, आणि ज्या पानांची प्रत नव्हती ते शब्द गेले ते गेलेच. ते सांगणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी आज कोणी हयात नाही. तुमच्या घरी अशा जुन्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, आणि रूपांतरानंतर 'ऱ' नीट उतरला आहे ना, हे आधी पाहा.

स्वाध्याय

१. 'नेवासे' या शब्दाचे क्रमांक मांडा आणि त्यास किती बाइट लागतील ते सांगा. (व २३५७, स २३६०)
२. ३.५ मधील आज्ञावलीत 'ऱ' किती वेळा आला हे मोजण्यासाठी नेमका कोणता बदल कराल? एकच ओळ बदलावयाची आहे.
३. त्याच आज्ञावलीत 'एडीडी एसआय, २' ऐवजी 'एडीडी एसआय, १' लिहिले तर प्रत्येक फेरीत एएक्समध्ये काय येईल? पहिल्या तीन फेऱ्या कागदावर करून दाखवा.
४. आपल्या गावच्या बोलीतील दहा शब्द निवडा. त्यांतील कोणते उच्चारभेद युनिकोडच्या देवनागरीत दाखवता येतात आणि कोणते येत नाहीत, यावर टीप लिहा. 'चमचा'तील दोन्ही 'च' पासून सुरुवात करावी.