पैसे पाठवू नकोस, आधी घरी सांग

पिंपळगाव बसवंतला माझं मोबाईलचं दुकान आहे. स्क्रीन बदलणं, चार्जिंगचा सॉकेट बसवणं, रिचार्ज मारणं, आणि अलीकडे आणखी एक काम: रोख रक्कम घेऊन ती ऑनलाईन पाठवून देणं. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की बाजार समितीत आलेले हमाल, ट्रकवाले, परराज्यातले मजूर त्यासाठी येतात. ते घरी पैसे पाठवतात, त्यांना नाव आणि नंबर तोंडपाठ असतो. पण कॉलेजातला एखादा पोरगा कुणीतरी पाठवलेला क्यूआर कोड पुढे करून ‘काका, लवकर करा’ म्हणायला लागला, की मी हात आखडता घेतो.

ही सवय मला एका मुलामुळे लागली. गाव लहान आहे, म्हणून त्याची ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे. वय तेवढं खरं ठेवलंय, सतरा. ‘मित्राला पाठवायचेत’ म्हणाला. पुन्हा आला तेव्हाही मित्रालाच पाठवायचे होते, पण कोड स्कॅन केल्यावर नाव भलतंच दिसलं. मित्राचं नाव विचारलं तर सांगता येईना. त्याच्या फोनवर एकामागून एक मेसेज येत होते. मी पैसे त्याच्याच हातात परत ठेवले आणि त्याला आतल्या स्टुलावर बसवलं. बऱ्याच वेळानं तो एवढंच बोलला, “काका, पप्पांना सांगू नका.”

हकिगत अशी होती. इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावानं ओळख झाली. दोन दिवसांत गप्पा व्हॉट्सॲपवर गेल्या, मग व्हिडिओ कॉल आला. पलीकडची ‘मुलगी’ म्हणजे आधीच तयार असलेली चित्रफीत होती. याला कपडे काढायला लावलं आणि तिकडे स्क्रीन रेकॉर्ड झाली. पाचच मिनिटांत त्याचा व्हिडिओ आणि सोबत त्याच्या नातेवाइकांची, मित्रांची यादी त्याला पाठवण्यात आली. मग मागणी सुरू झाली. पहिली रक्कम खिशाला झेपेल एवढीच होती. ती मिळाल्यावर ‘दिल्ली सायबर सेलचा इन्स्पेक्टर’ फोनवर आला: तुझ्यावर केस होतेय, व्हिडिओ यूट्यूबवरून काढायचा खर्च भर. पहिले पैसे दिले की भीती संपत नाही. हा देणारा आहे, एवढं मात्र त्यांना कळतं.

मी त्याला म्हटलं, पप्पांना तू सांगतोस की मी सांगू? त्यानं मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. मी फोन लावला. वडील द्राक्षबागेतून तसेच आले, हाताला मोरचुदाचा निळा रंग होता. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला, ते मी पाहिलं. मग म्हणाले, “पैशाचं नंतर बघू. फोन दे इकडे, काही पुसू नकोस. चल ठाण्यात.” अनोळखी ‘इन्स्पेक्टर’चा सगळा धाक त्या वाक्यानं गेला. या धंद्याचं भांडवल व्हिडिओ नसतोच. घरी कळेल ही भीती, हेच ते भांडवल.

ही भीती इंटरनेटच्या आधीची आहे. १९९४ साली शेजारच्या जळगावात मुलींचे फोटो आणि चित्रफिती काढून त्यांना धमकावत ठेवल्याचं प्रकरण उघड झालं, तेव्हा मोबाईल कुणाकडे नव्हता. तपासात मीरा बोरवणकरांसारख्या अधिकारी होत्या, तरी तक्रार द्यायला फार थोड्या मुली पुढे आल्या. २०२२ मध्ये पुण्यात दोन तरुणांनी अशाच खंडणीपायी जीव दिला. माग काढत पुणे पोलीस राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातल्या एका खेड्यापर्यंत पोचले. उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अक्षय कुमारनं आपल्या मुलीची गोष्ट सांगितली. ऑनलाईन खेळताना समोरच्या अनोळखी माणसानं तिच्याकडे नग्न फोटो मागितला. तिनं खेळ बंद केला आणि सरळ आईला जाऊन सांगितलं. तिथेच ते प्रकरण संपलं.

असं झालंच तर

पैसे देऊ नका, आणि दिले असतील तर पुढचा एक रुपयाही देऊ नका. वाद घालू नका, विनवण्या करू नका. चॅट, नंबर, प्रोफाईलची लिंक, क्यूआर कोड, पैसे गेल्याची नोंद, या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून मग ब्लॉक करा. घाबरून चॅट किंवा आपलं खातं उडवू नका, पुरावाच जातो.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. वेळेत कळवलं तर पुढच्या खात्यात पडलेली रक्कम गोठवता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. आमच्या मुलाचे सगळे पैसे परत आले नाहीत, थोडेच अडकवता आले.

वय अठराच्या आत असेल तर पोक्सो कायदा लागू होतो आणि तो मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. ‘हे कायदे पोरींसाठी’ असं समजून कित्येक पोरं गप्प बसतात. या कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसतो आणि मुलाची ओळख जाहीर करायला बंदी आहे. गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हा मोठ्या माणसाचा गुन्हा ठरतो, मग तो शिक्षक असो की माझ्यासारखा दुकानदार.

‘मदत’ म्हणून तो फोटो किंवा व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. अल्पवयीन मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चित्र पसरू नये म्हणून ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’. त्यांना फोटो द्यावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याची एक आकडी खूण तयार होते आणि त्या खुणेवरून सहभागी कंपन्या तो फोटो अडवतात.

मुलाला एकटं ठेवू नका. जिवाचं काही बरंवाईट बोलत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ आणि बालकांसाठीचा १०९८ हे नंबर रात्रंदिवस चालू असतात.

आणि व्हिडिओ गेलाच तर?

त्या मुलाचा गेला. त्याच्या एका चुलतभावाला मेसेज आला. वडिलांनी आधीच दोन-चार जवळच्यांना सांगून ठेवलं होतं, की पोराला कुणीतरी फसवलंय, काही आलं तर उघडू नका, पाठवणाऱ्याचा नंबर तेवढा कळवा. भावानं नंबर कळवला. नव्या नव्या नंबरांवरून धमक्या येत राहिल्या, उत्तर मिळेना तशा बंद झाल्या. पोरगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला.

दुकानात येणाऱ्या आईबापांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पोरं गप्प बसतात त्याला माराइतकंच दुसरंही कारण असतं: सांगितलं तर फोन काढून घेतील. म्हणून आजच, काही घडलेलं नसताना, तोंडानं म्हणा: “कुणी फोटोवरून धमकावलं तर मला सांग. आधी तुला त्यातून बाहेर काढू. ओरडणार नाही, फोनही काढून घेणार नाही.” आणि वेळ आली तर हा शब्द पाळा. एकदा मोडलात, तर पुढच्या वेळी पोरगं तुम्हाला टाळून क्यूआर कोड घेऊन दुसऱ्याच दुकानात जाईल.