ताट सरकवणारी मुलगी हट्टी नसते : खाण्याचे आजार समजून घेऊ या

“पोरगी जेवतच नाही. ताट वाढलं की भूक नाही म्हणते. कितीही ओरडा, ऐकत नाही.” वस्तीत घरोघरी जाताना आयांच्या तोंडून आम्ही हे अनेकदा ऐकतो. कुणाला ते नखरे वाटतात, कुणी मोबाईलला दोष देतो, तर कुणी दबक्या आवाजात ‘बाहेरचं काही असेल’ असे सुचवतो. दवाखान्यात न्यावे असे मात्र चटकन कुणाला सुचत नाही. आपल्या आजी-आजोबांनी पोटभर भाकरीसाठी हाल सोसले. त्यामुळे समोर अन्न असताना कुणी ते नाकारील, हे आपल्याला पटतच नाही. पण हा आजार असू शकतो, आणि वेळेवर ओळखला नाही तर तो जीवही घेऊ शकतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे.

आजार कोणते?

खाण्याचे विकार मनात सुरू होतात, पण त्यांचा मार सगळ्या शरीरावर बसतो. त्यातले चार आपण ओळखायला हवेत.

ॲनोरेक्सिया : यात माणूस खाणे कमी करत करत जवळजवळ बंद करतो. हाडे दिसू लागली तरी ‘मी जाड आहे’ असे त्याला वाटत राहते. आपल्याकडच्या काही मुली जाडीचे नावही काढत नाहीत. ‘पोट भरल्यासारखं वाटतं’, ‘मळमळतं’ एवढेच सांगतात आणि वजन उतरत जाते.

बुलिमिया : यात थोड्या वेळात खूप खाल्ले जाते. मग लाज वाटून बोटे घालून उलटी केली जाते, किंवा जुलाबाची गोळी घेतली जाते. वजन बेताचे असते, त्यामुळे घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही.

बिंज इटिंग : यातही पोट दुखेपर्यंत खाणे होते, बहुधा एकट्याने आणि लपून. नंतर स्वतःचीच किळस येते, पण उलटी वगैरे केली जात नाही.

पायका : माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, राख, कोळसा, कच्चे तांदूळ खाण्याची ओढ. आपल्या वस्त्यांत लहान मुलांमध्ये व गरोदर बायांमध्ये ही ओढ दिसते. आपण तिला डोहाळे किंवा वाईट खोड म्हणून सोडून देतो. पण पुष्कळदा तिच्याबरोबर रक्तातले लोह कमी झालेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. त्यामुळे माती खाणाऱ्या बाईला हसू नका, तिचे हिमोग्लोबिन तपासा.

हे का होते?

कारण एकच नसते. काही घराण्यांत हा आजार रक्तातून येतो. काहींचा स्वभावच सगळे बिनचूक करण्याचा, स्वतःला दोष देण्याचा असतो. लहानपणी झालेला अत्याचार, घरातली भांडणे, परीक्षेचा ताण, लग्नासाठी बघायला येणाऱ्यांचे टोमणे हेही त्यात भर घालतात. ‘जाडी’, ‘ढोली’, ‘काळी’ असे आपण थट्टेत म्हणतो, पण ऐकणारी ते वर्षानुवर्षे मनात धरून बसते.

पडद्याचा परिणामही खरा आहे. प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर भरल्या अंगाची बाई सुंदर मानली जात असे. तिथल्या एका भागात १९९५ साली दूरदर्शन संच पोहोचले. त्या वेळी तपासलेल्या शाळकरी मुलींपैकी वजनासाठी उलटी करणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये असे करणाऱ्या मुली ११ टक्क्यांवर गेल्या होत्या. आज आपल्या मुलींच्या हातात तो पडदा दिवसभर असतो. मुलगेही सुटलेले नाहीत. ‘बॉडी’ बनवण्याच्या नादात जेवण सोडून पावडरीवर राहणारी पोरे आपण पाहतोच.

हा श्रीमंतांचा आजार आहे असेही समजू नका. दिवसभर उपाशी राहून कामावरून आलेला माणूस रात्री मिळेल ते भराभर खातो. घरात अन्नाची खात्री नसते तिथे असे अति खाणे वाढते, हे अभ्यासांत दिसले आहे.

उपासमार मनही आजारी करते

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे पावपट घटले. पण मनाचे हाल त्याहून जास्त झाले. ते चिडचिडे आणि उदास झाले, त्यांना माणसे नकोशी झाली, डोक्यात दिवसरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले. पुन्हा भरपूर जेवण मिळू लागल्यावरही अनेकांचे खाणे बराच काळ ताळ्यावर आले नाही. उपाशी मेंदूला नीट विचार करता येत नाही. म्हणून ‘समजावून सांगितलं तरी ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा समजून घेण्याची तिची ताकदच भुकेने खाल्लेली असते.

आपल्याला हे नवे नाही. उरुवेलेच्या परिसरात सिद्धार्थांनी शरीर सुकवून पाहिले. अशा देहाने सत्य सापडणार नाही हे त्यांनी ओळखले आणि सुजातेची खीर स्वीकारली. पाच साथीदार रागावून निघून गेले, तरी ते डगमगले नाहीत. मध्यम मार्ग आपल्याला असा ताटापासून मिळाला आहे. म्हणून वर्षावासात अष्टशील घेणाऱ्या उपासिकांना आमची विनंती आहे की, घरात असा आजार असलेली मुलगी असेल तर तिला दुपारनंतर न जेवण्याचा नियम देऊ नका. तिने आधी बरे व्हायचे आहे.

शरीरावर परिणाम

पाळी अनियमित होते किंवा थांबते. केस गळतात, सतत थंडी वाजते, चक्कर येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके मंदावतात. वारंवार उलटी केल्याने दात झिजतात, गाल सुजल्यासारखे दिसतात, बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. रक्तातले पोटॅशियम घसरले तर हृदय अचानक बंद पडू शकते. अति खाण्याने वजन, साखर, रक्तदाब वाढतो. माती खाण्याने जंत होतात आणि आतडे अडू शकते. मनाच्या आजारांमध्ये ॲनोरेक्सिया हा सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी आहे, आणि त्यातले काही मृत्यू आत्महत्येने होतात.

आपण काय करायचे?

१. रागावू नका, वजनावर बोलू नका. एकटीला जवळ बसवून म्हणा, “बाळा, तू नीट जेवत नाहीस, मला काळजी वाटते. तुझं काही चुकलेलं नाही.”

२. भगत, अंगारा, उतारा यांत दिवस घालवू नका. आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात वजन, रक्तदाब, रक्त तपासून घ्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.

३. पुष्कळ दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर भरवू नका. त्याने रक्तातले क्षार बिघडून जीव धोक्यात येतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवा.

४. बेशुद्धी, छातीत धडधड, उलटीत रक्त, पाणीही न टिकणे, मरणाची भाषा यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

५. दिवसातून एक वेळ तरी सगळे एकत्र बसा. डाळ, भाकरी, पालेभाजी, अंडे, सुकट, शेंगदाणे-गूळ यांतले जमेल ते ठेवा. वर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा टाळा, त्याने लोह अंगी लागत नाही. मुलीच्या उपचारात घरच्यांनी रोज शेजारी बसून तिला जेवू घालणे, यालाही डॉक्टर औषधाइतके महत्त्व देतात.

शेवटचे सांगणे आयांसाठी. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना नवऱ्याच्या बरोबरीने उभे राहायला सांगितले. ती बरोबरी ताटापर्यंत आली पाहिजे. सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी आई पाहत मुलगी वाढते, तेव्हा आपल्या भुकेला किंमत नाही हेच ती शिकते. आज रात्री तुम्ही तिच्या शेजारी बसा, आणि दोघींची ताटे एकाच वेळी वाढून घ्या.