पोथीतली देवी पाहताना

अंतरवाली सराटी हे नाव 2023 पासून टीव्हीवाल्यांनी घरोघरी पोचवलं, त्यामुळे गाव कुठं ते आता सांगावं लागत नाही. मी तिथला चित्रकलेचा शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवता बसवता लघुचित्रांचा नाद लागला, त्यातही देवीच्या चित्रांचा. त्यातून हाती लागलं ते असं.

1. दर्शनाची घाई बाहेर चपलांपाशी ठेवा. आमची देवी अंबडची मत्स्योदरी. नवरात्रात रांगेत ताटकळायचं आणि गाभाऱ्यात डोळे भरून बघावं तोवर मागून रेटा येतो. पोथीतली देवी मात्र एकट्या माणसाने पान हातात धरून निवांत बघावी म्हणून काढलेली असते. संग्रहालयात काचेला नाक लावलं की रखवालदार हटकतो. हटकू द्या.

2. आधी पाठ, मग चित्र. सप्तशतीचे 13 अध्याय ज्याच्या कानावरून गेलेले नाहीत, त्याला नुसते हात आणि शस्त्रं दिसतात. दुसऱ्या अध्यायात देवांच्या तेजातून देवी प्रकटते. मग शंकर त्रिशूळ देतो, विष्णू चक्र, वरुण शंख, वायू धनुष्यबाण आणि हिमालय सिंह. नवरात्रात पाठ ऐकत आलेल्या म्हाताऱ्या बायांना कुठल्या हातात काय ते पटकन उमगतं; पदवीवाले अडखळतात. एकाच चौकटीत देवी दोनदा दिसली तर पोरं विचारतात, ‘सर, ही दुसरी कोण?’ तीच, पुढच्या प्रसंगातली.

3. छापील चित्रावर विसंबू नका. जम्मूकडच्या बसोलीत 1660-70 च्या सुमारास देवीच्या नाना रूपांची एक चित्रमाला झाली. पानाच्या मागच्या अंगाला संस्कृत श्लोक आणि पुढे पिवळ्या-लाल सपाट रंगावर देवी. तिच्या दागिन्यांतले पाचू रंगाने काढलेलेच नाहीत. हिरव्या, चमकणाऱ्या भुंगेऱ्याच्या पंखांवरची टणक कवचं बारीक कातरून जागच्या जागी चिकटवलीत. मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे उठावदार थेंब. पान उजेडाकडे कललं की पाचू लखलखतो. पुस्तकात तोच नुसता गडद ठिपका होतो. आमच्याकडे भुंगेरा म्हटलं की उसातली हुमणी आठवते आणि माणूस औषधाचा पंप शोधायला लागतो. तिकडच्या कारागिराने दुसऱ्या जातीचा का होईना, भुंगेराच देवीच्या गळ्यात घातला, हे वर्गात सांगितलं की मागचा बाकसुद्धा गप्प होतो.

4. कागदाकडेही बघा. लघुचित्राला कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून, अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करतात. मग खारीच्या केसांचा कुंचला त्यावर अडत नाही. हातकागदासाठी लांब जायला नको, दौलताबादजवळचं कागजीपुरा त्यासाठीच नावाजलेलं.

5. देवीचं चित्र आहे म्हणजे काढवून घेणारा हिंदू राजाच, असं धरून चालू नका. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (1580-1627) संगीताचा वेडा होता. त्याच्या दरबारी 1604 च्या सुमारास फर्रुख हुसेनने वीणाधारी सरस्वती रंगवली. गुरू गणपती हा इब्राहिमचा पिता आणि सरस्वती त्याची माता, अशा अर्थाचा मजकूर खुद्द चित्रावरच आहे. ही माहिती मी मुद्दाम दोन्हीकडच्या पोरांना सांगतो. त्यावर स्टाफरूममध्ये एकदा बरंच तापलं होतं, ते असो.

6. पैठणची चित्रकथी यात मिसळू नका. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती चित्रं आहेत. गोष्ट सांगताना ती गर्दीपुढे धरायची, म्हणून डोळे बटबटीत, रेघ जाड आणि रंग लांबून कळणारा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला राक्षस दिसला पाहिजे, हा त्यातला हिशेब. नवख्या पोरांना मी पहिल्यांदा हीच जाड रेघ गिरवायला देतो. शून्य नंबरचा ब्रश दिवाळीनंतर.