मीठ, शिंका आणि मास्ट पेशी



मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलाला मैदानावर धाप लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि दप्तरात पंप नव्हता. दवाखान्यात वेळेवर उपचार मिळाले. नंतर त्याची आई म्हणाली, "सर, पंपाची सवय लागते म्हणतात, म्हणून तो बंद केला आणि त्याऐवजी मीठ सोडवलं. मिठानं ॲलर्जी वाढते ना?" इंदुरात राहून त्या पोराने पोह्यांवरची शेवसुद्धा सोडली होती! त्या ताईंना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते आज देतो.

माझे विज्ञान हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'कोशिका' म्हणत, मराठीत आपण 'पेशी' म्हणतो. आणि हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. इथे दोघांचेही काम आहे, म्हणून घोळ नको.

नाकाच्या व श्वासनलिकेच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. पॉल एर्लिख यांनी 1878 साली आपल्या प्रबंधात त्यांना हे नाव दिले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ खाऊन पुष्ट झालेली, कारण आत कण ठासून भरलेले दिसतात. त्याच कणांत हिस्टामिन असते. ॲलर्जी असलेल्याच्या मास्ट पेशींवर आयजीई नावाची प्रतिद्रव्ये बसलेली असतात. गाजरगवताचे पराग किंवा गादीतल्या धूळ-किडींचे कण शेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटले, की पेशीत कॅल्शियम शिरते, कण पेशीच्या कडेला येऊन फुटतात आणि हिस्टामिन बाहेर पडते. मग शिंका, नाकातून पाणी, अस्तराला सूज. दम्यात श्वासनलिकेचे स्नायूही आवळतात. पण तिथे ल्युकोट्राइनसारखी इतर द्रव्येही जोरात असतात. म्हणून सर्दीची हिस्टामिनविरोधी गोळी दम्याच्या पंपाची जागा घेऊ शकत नाही.

आता सोडियम. पेशीबाहेरच्या द्रवात ते आतल्यापेक्षा सुमारे दहापट जास्त असते. पेशीच्या पटलातला एक पंप ऊर्जा खर्चून दर वेळी तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. या फरकाच्या बळावर दुसरी एक यंत्रणा चालते: सोडियम आत येते आणि त्याच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर जाते. बाहेरचे सोडियम कमी केले तर कॅल्शियमची ही वाट मंदावते. बेसोफिल या मास्ट पेशींसारख्या रक्तपेशींवर प्रयोगशाळेत हे करून पाहिले, तेव्हा हिस्टामिन जास्त सुटले. म्हणजे परीक्षानळीत सोडियम घटले की हिस्टामिन वाढते, ताईंनी ऐकले त्याच्या अगदी उलट!

मात्र आपण परीक्षानळी नाही. मूत्रपिंडे रक्तातले सोडियम लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल या पट्ट्यात धरून ठेवतात. ताटातले मीठ घटवल्याने पेशीभोवतीचे सोडियम तसे घटत नाही.

मग मिठाची गोष्ट आली कुठून? 1987 साली पीटर बर्नी यांनी इंग्लंड-वेल्समधील मिठाची खरेदी आणि दम्याने होणारे मृत्यू यांचा संबंध मांडला. पुढे माणसांवर चाचण्या झाल्या. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या नॉटिंगहॅमच्या चाचणीत मीठ कमी करून दमा अधिक आटोक्यात आला नाही. व्यायामाने होणाऱ्या दम्यात काही छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला, एवढेच.

एक गंमत सांगतो. सोडियम क्रोमोग्लायकेट हे औषध मास्ट पेशींना हिस्टामिन सोडण्यापासून रोखते. डॉ. रॉजर अल्टून्यान स्वतः दमेकरी होते. स्वतःवरच ॲलर्जीचे झटके आणून त्यांनी त्याच्या चाचण्या केल्या. पण या औषधाच्या नावातले सोडियम केवळ क्षारापुरते. काम करतो तो क्रोमोग्लायकेटचा भाग.

तेव्हा ताई, मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत असावे हे खरेच, पण ते रक्तदाबासाठी, आणि ते घरातल्या सगळ्यांसाठी. डॉक्टरांनी दिलेला पंप त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दमा असलेल्या प्रत्येक मुलाचा एक जास्तीचा पंप, नाव आणि मात्रा लिहून, वर्गशिक्षकांकडे या शनिवारपर्यंत द्यावा. खेळाच्या तासाला तो शिक्षकांच्या पिशवीत मैदानावर येईल.