वर्गणीची वही : एका जखमी कुत्र्याच्या उपचारातून मिळालेला धडा

इतिहासाच्या शिक्षकाला साधनांचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. शिलालेख, ताम्रपट, सनदा, जमाखर्चाच्या वह्या यांच्या आधारानेच तो भूतकाळाविषयी बोलू शकतो. माझ्या कपाटातही असे एक लहानसे साधन जपून ठेवलेले आहे. ती शंभर पानांची साधी वही असून तिच्या मुखपृष्ठावर एका विद्यार्थ्याच्या अक्षरात 'कुत्र्याच्या औषधोपचाराचा जमाखर्च, २०१९' असे लिहिलेले आहे. विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा एखाद्या राजवटीवर लिहिण्यापेक्षा या वहीवरच लिहावे, असे मला वाटले. कारण तिच्यातील एक चूक माझी स्वतःची आहे, आणि ती चूक पुढील शिक्षकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, अशी इच्छा आहे.

त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात एका सकाळी वसतिगृहाची मुले धावत आली. फाटकासमोरच्या रस्त्यावर एका वाहनाने कुत्रीला धडक दिली होती. तिचा मागचा उजवा पाय मांडीतून लोंबत होता आणि ती कडेच्या चारीत पडून विव्हळत होती. दोन मुले तिला उचलायला पुढे सरसावली, तेव्हा मी त्यांना अडवले. वेदनेने व्याकूळ झालेले जनावर ओळखीच्या माणसालाही चावते. त्यात दोष जनावराचा नसतो. एका सहकाऱ्यांनी मऊ पट्टीने तिचे तोंड सैल बांधले, आम्ही दोघा शिक्षकांनी तिला अलगद एका फळीवर सरकवले, वरून पोते पांघरले आणि टेम्पोतून तालुक्याच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले.

येथे काही गोष्टी पालकांनी व विद्यार्थ्यांनी कायमच्या लक्षात ठेवाव्यात. जखमी कुत्र्याजवळ मुलांनी जाऊ नये; मोठ्या माणसाला बोलवावे. जनावराला वांत्या होत असतील किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर तोंड बांधू नये. बळेच पाणी पाजू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. त्या कुत्र्याला घातक ठरू शकतात. पशुवैद्यकीय सेवेसाठी आज १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, त्यावर विचारणा करावी. कुत्रा चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये, आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र वेळेवर घेतलेल्या लसीने हा रोग टाळता येतो. लुई पाश्चर यांनी १८८५ साली चावा झालेल्या एका मुलाला लस टोचून हा मार्ग प्रथम दाखवला. भूतदया आणि सावधगिरी यांत विरोध नाही, हा या प्रसंगातील पहिला पाठ होय.

दवाखान्यातील डॉक्टरांनी वेदना कमी करणारे इंजेक्शन दिले, जखम धुऊन पायाला तात्पुरता आधार बांधला आणि रेबीजची लसही टोचली. मात्र मांडीचे हाड मोडले असल्याने एक्स-रे व शस्त्रक्रिया करून सळई बसवावी लागेल, आणि ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी पशुवैद्यकांकडे आहे, असे त्यांनी सांगितले. अंदाजे खर्च चौदा ते पंधरा हजार रुपये होता. आमच्या विद्यालयाच्या कोणत्याही खात्यातून तो देता येण्याजोगा नव्हता, आणि देणे योग्यही नव्हते. विद्यार्थ्यांच्या भोजनासाठी आलेला पैसा भोजनावरच खर्च व्हायला हवा. म्हणून वर्गणी काढायचे ठरले.

दहावीच्या वर्गाने हे काम अंगावर घेतले. मी त्यांना सांगितले की, पावतीशिवाय पैसा घ्यायचा नाही आणि बिलाशिवाय द्यायचा नाही. आवाहनाचा कागद मुलांनीच लिहिला. त्यात दुखापत काय आहे, डॉक्टरांनी कोणता उपचार सुचवला आहे व अंदाजे किती रक्कम लागेल, एवढेच होते. रडवेली भाषा आणि रक्ताळलेल्या पायाचे छायाचित्र आम्ही टाळले. माजी विद्यार्थी, शिक्षक, शेजारचे दुकानदार आणि विद्यार्थी यांच्याकडून बारा दिवसांत १७,२६० रुपये जमले. शस्त्रक्रिया व सळई ९,०००, दोन वेळचे एक्स-रे १,२००, औषधे व मलमपट्टी २,१५०, वाहनखर्च १,४००, खाणे व इतर ७५०, असा एकूण खर्च १४,५०० रुपये झाला. प्रत्येक आकड्यापुढे बिलाचा क्रमांक आहे. मुलांना साधनांची विश्वसनीयता म्हणजे काय, हे त्या पंधरवड्यात जेवढे समजले, तेवढे माझ्या तासांनी समजले नसते.

त्याच सुमारास वर्गात मौर्य कालखंड चालू होता. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने कोरविलेल्या चौदा प्रस्तरलेखांपैकी दुसरा लेख आमच्या विषयाशी थेट संबंधित होता. गुजरातमधील गिरनार येथे तो वाचता येतो. आपल्या राज्यात आणि चोळ, पांड्य, ताम्रपर्णी, तसेच ग्रीक राजा अंतियोक यांच्या प्रदेशांतही माणसांसाठी व पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे त्यात नोंदवले आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या, मुळे व फळझाडे लावली, वाटांवर विहिरी खणल्या, झाडे लावली, आणि हे सारे माणसांच्या व पशूंच्या उपयोगासाठी केले, असे तो लेख सांगतो. करुणा मनात उपजते हे खरे. परंतु औषध, पाणी व सावली यांची तरतूद झाल्याशिवाय ती दुसऱ्याच्या कामी येत नाही.

मुंबईच्या इतिहासातही असा एक दाखला आहे. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध शहरात, विशेषतः पारशी समाजात, मोठा प्रक्षोभ उसळला व दंगल झाली. प्रक्षोभ ओसरतोच, पण त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभी राहिली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर ठरावीक आकार बसवून घेतला. एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा नियमित येणारी लहान रक्कम संस्थेला अधिक काळ तारते, हे त्यांना कळले होते. आमच्या मुलांना हे उदाहरण फार आवडले. त्यांच्याच सूचनेवरून मी वर्गणीदारांची यादी सूचनाफलकावर लावली. प्रत्येक नावापुढे रक्कम लिहिली. उत्साह वाढावा, हा हेतू होता.

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस उरले असताना आठवीतील एका मुलाची आई वसतिगृहात आली. ती शेतमजुरी करते. मुलाने या वर्षी सुट्टीत येथेच राहणार असे कळवले होते, म्हणून ती काळजीने आली होती. विचारपूस केल्यावर उलगडा झाला. घरी येण्यासाठी तिने पाठवलेले एसटीच्या भाड्याचे २१० रुपये त्याने वर्गणीत दिले होते. फलकावर वर्गातील बहुतेकांची नावे लागली होती. आपले नाव नाही, याची त्याला लाज वाटली. कोणी मागितले नव्हते. पण फलक रोज मागत होता.

मी त्या बाईंना वही दाखवली. हिशेब कसा चोख आहे, हे सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "गुरुजी, मुक्या जिवाचा पाय बरा झाला, चांगलंच झालं. पण माझ्या लेकराचं दिवाळीला घरी येणं बुडालं असतं, ते या वहीत कुठं लिहिलंय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. वहीत २१० हा आकडा होता, पावतीचा क्रमांक होता, तारीख होती. त्याच पानावर एका माजी विद्यार्थ्याचे २,००० रुपये होते. कागदावर दुसरी रक्कम मोठी दिसत होती. भार मात्र पहिल्या रकमेचा जड होता. जमाखर्च रक्कम सांगतो, ती देताना काय सोडावे लागले हे सांगत नाही. पंचवीस वर्षे इतिहास शिकवूनही ही गोष्ट मला एका शेतमजूर मातेने शिकवली. विहिरी खणविल्या हे शिलालेख सांगतो. त्या कोणाच्या श्रमाने व कोणाच्या कराने खणल्या गेल्या, याविषयी तो मौन पाळतो. ते मौन ऐकू येणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

त्या मुलाची वर्गणी आम्ही परत केली. वहीत 'परत, रु. २१०' अशी नोंद आहे आणि खाली माझी सही आहे. फलकावरची यादी मी त्याच सायंकाळी काढली. मुलगा आईबरोबर घरी गेला.

पुढे पालकसभेत हा विषय निघाला, तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने वेगळाच प्रश्न विचारला. ज्या समाजाने कुत्र्यामांजरांना मायेने वागवले आणि माणसाला दाराशी उभे केले नाही, त्या समाजाची भूतदया आपण का उचलावी? हा प्रश्न उद्धट नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या अनुभवातून तो आला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र मज्जाव होता. मी त्याला एवढेच म्हणालो की, त्या सत्याग्रहात जनावरांना पाण्यावरून हाकला, अशी मागणी कोणी केली नव्हती. माणसाला माणूस म्हणून पाणी मिळावे, ही मागणी होती. पशूवर दया करून माणसाला नाकारणे हे ढोंग आहे, यात शंका नाही. त्या ढोंगावरचा उपाय पशूला नाकारणे हा नव्हे. मात्र मुक्या जिवासाठी पैसा उभा करताना गरीब लेकराच्या खिशाला हात लागला, तर आपणही त्याच ढोंगाच्या वाटेने चाललो, असे म्हणावे लागेल. तो माजी विद्यार्थी पूर्ण सहमत झाला असे नाही. परंतु पुढील नियम ठरवण्याच्या समितीत तो आपण होऊन आला.

समितीने ठरवलेले नियम असे :

१. आवाहनापूर्वी पशुवैद्यकांकडून उपचाराचा लेखी अंदाज घ्यावा आणि तेवढी रक्कम जमताच वर्गणी थांबवावी.
२. प्रथम शिक्षक व कमावत्या माजी विद्यार्थ्यांनी द्यावे. विद्यार्थ्यांकडून पैसे घेऊ नयेत. त्यांनी पट्टी बदलण्याच्या वेळा लिहून ठेवणे, बिले लावणे, हिशेब मांडणे ही कामे मोठ्यांच्या देखरेखीखाली करावीत.
३. कोणाची रक्कम जाहीर करू नये. पावती प्रत्येकाला द्यावी, यादी कोठेही लावू नये.
४. खर्चाचा हिशेब मात्र बिलांसह सर्वांना पाहण्यासाठी खुला ठेवावा.
५. शिल्लक रकमेचे काय करायचे, हे आवाहनातच सांगावे.
६. जनावर वाचण्याजोगे नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला मानावा व उरलेला पैसा देणाऱ्यांना विचारून वापरावा.

पाचवा नियम अनुभवातून आला. परत केलेली रक्कम वजा जाता १७,०५० रुपये जमा होते. खर्च वजा करता २,५५० रुपये उरले. त्यांचे काय करायचे, हे आम्ही आधी सांगितलेच नव्हते. प्रत्येक वर्गणीदाराला पुन्हा विचारले आणि त्यांच्या संमतीने परिसरातील इतर कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतली. तो पैसा कुत्र्यांच्या उपयोगी पडलाच, शिवाय मुलांच्याही सुरक्षिततेस लागला.

सळई बसवल्यावर सुमारे सात आठवड्यांनी दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले. विद्यालयालगतच्या मळ्यातील एका शेतकऱ्याने तिला राखणीसाठी आपल्याकडे नेले. ती किंचित लंगडत असे, पण पळत असे. या स्मरणिकेच्या अखेरीस देणगीदारांची यादी असेल. ती वाचताना आकड्यांच्या क्रमावर डोळे रेंगाळू देऊ नयेत, एवढीच वाचकांना विनंती.

स्वाध्याय

१. अशोकाच्या दुसऱ्या प्रस्तरलेखात कोणकोणत्या सोयींचा उल्लेख आहे? त्यांतील कोणती सोय आज आपल्या गावात माणसांना व जनावरांना मिळते, ते पाहून लिहा.
२. आपल्या तालुक्यातील शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे व तेथे कोणते उपचार होतात, याची माहिती मिळवा.
३. आपल्या गावातील एखाद्या जुन्या कामाची वर्गणीची यादी मिळवा. जिची नोंद त्या यादीत नाही, अशा कोणाचा भार त्या कामात होता, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.