रक्तातील स्निग्ध पदार्थ आणि मद्यपानाच्या खुणा

रक्त नळीत काढून काही वेळ स्थिर ठेवले असता लाल गुठळी खाली बसते व वर फिकट पिवळा, पारदर्शक द्रव राहतो. क्वचित हा द्रव दुधासारखा पांढुरका दिसतो. रुग्ण उपाशीपोटी आलेला असेल, तर हा रंग बहुधा ट्रायग्लिसराइड या स्निग्ध पदार्थाच्या अतिरेकाचा असतो. अशा वेळी मद्यपानाचा संशय चटकन घेतला जातो. तो कितपत रास्त आहे?

संशयाला आधार आहे, हे खरे. मद्यार्काचे विघटन मुख्यतः यकृतात होते. त्यातून निघालेला हायड्रोजन एनएडी नावाचे वाहक रेणू उचलतात. भारलेल्या वाहकांची गर्दी झाली, की यकृतातील चरबीचे ज्वलन मंदावते. न जळलेली चरबी काही यकृतातच साठते, तर काही ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात येते. अतिमद्यपी रुग्णांत कावीळ, तांबड्या पेशींचा नाश व रक्तातील स्निग्धतेची वाढ ही तीन लक्षणे एकत्र आढळतात, असे लेस्ली झीव्ह या अमेरिकन वैद्याने १९५८ साली नोंदविले.

मद्यपानाची दुसरी परिचित खूण म्हणजे जीजीटी हे विकर. नित्य मद्य घेणाऱ्याच्या रक्तात ते वाढते. परंतु स्थूलता, मधुमेह, किंवा फेफऱ्यावरील फेनिटॉइनसारखे औषध यांनीही ते वाढते. आणि यांपैकी पहिल्या दोन अवस्थांत ट्रायग्लिसराइडही चढलेले असते. तेव्हा दोन्ही आकडे वाढलेला मनुष्य मद्याला कधी न शिवलेलाही असू शकेल. केवळ अशा तपासणीवरून घरच्यांनी वा मालकाने त्याला मद्यपी ठरविणे हा उघड अन्याय होय.

येथे एचडीएल कोलेस्टेरॉलकडे पाहणे उपयोगी पडते. स्थूल व मधुमेही माणसात ट्रायग्लिसराइड वाढते तसे एचडीएल सहसा घटते. मद्याने मात्र ते वाढण्याकडे कल असतो. भारतात ही बाब विशेष ध्यानात घ्यावी. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगड येथील पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले, सुमारे ७२ टक्के लोकांचे एचडीएल कमी आढळले. अशा समाजात ट्रायग्लिसराइडबरोबर एचडीएलही चढलेले दिसले, तर वैद्याने मद्याविषयी सौम्यपणे विचारावे. (मद्याने एचडीएल वाढते म्हणून ते हृदयाला हितकर, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. आनुवंशिक कारणाने एचडीएल जास्त असणाऱ्यांत हृदयविकार कमी होत नाही, असे २०१२ साली दिसून आले.)

अधिक नेमका पुरावा हवा असल्यास फॉस्फॅटिडिलइथेनॉल मोजतात. गंमत अशी, की हा पदार्थ स्वतःच एक स्निग्ध पदार्थ आहे. तांबड्या पेशींच्या आवरणात तो मद्यार्काच्या उपस्थितीतच तयार होतो आणि नित्य पिणाऱ्यांत दोन ते चार आठवडे सापडू शकतो. दुसऱ्याचे रक्त चढविलेल्या रुग्णात मात्र तो दात्याकडून आलेला असू शकतो.

ही परीक्षा सर्वत्र उपलब्ध नसते. मग काळाची मदत घ्यावी. मद्य वर्ज्य केल्यावर ट्रायग्लिसराइड थोड्याच दिवसांत उतरू लागते, जीजीटीला काही आठवडे लागतात. मद्याने फुगलेल्या तांबड्या पेशींचा सरासरी आकार पूर्ववत होण्यास मात्र तीन-चार महिने जातात. कारण पेशीचे आयुष्यच सुमारे १२० दिवसांचे असते.